आमंत्रण दोन भाषांत, फाइल मात्र एकच

आमच्या शाळेच्या पालक मेळाव्याचं आमंत्रण मी मराठी आणि उर्दूत बनवलं होतं. फाइलही दोन वेगळ्या. आदल्या दिवशी अकराची वेळ दहाची झाली. मराठी फाइलमध्ये बदल केला, उर्दूतला राहून गेला. उर्दू आमंत्रण वाचून काही मुलांच्या दादी-नानी अकराला आल्या, तोवर नातवंडांची भाषणं संपली होती. चूक माझीच होती.

ही चूक टाळता येते, लेअर वापरून. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. खाली रंग, त्यावर नक्षी, त्यावर मजकूर. प्रत्येक लेअरसमोर डोळ्याचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की लेअर लपतो, पुसला जात नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ पासून आहे. 'गिम्प' हे सॉफ्टवेअर तर मोफत मिळतं, त्यातही ती आहे.

गिम्पमध्ये तीन लेअर ग्रुप करा. पहिला 'सामाईक': यात रंग, नक्षी, तारीख आणि वेळ. तारीख-वेळ इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे दोन्ही आमंत्रणांना एकच लेअर चालतो. एकदा बदलला की दोन्हीकडे बदलतो. दुसरा ग्रुप 'मराठी', तिसरा 'उर्दू'. या दोन्हींत फक्त त्या-त्या भाषेचा मजकूर. प्रत्येक लेअरला नाव द्या. 'लेअर कॉपी ३' म्हणजे काय, हे महिन्याने आपल्यालाच आठवत नाही.

आता उर्दू ग्रुप लपवा आणि मराठी आमंत्रण जेपेगमध्ये एक्सपोर्ट करा. मग मराठी लपवून उर्दू. लग्नाच्या कार्डासाठी घरात हिरवा की मरून असा वाद असेल, तर दोन रंगांचे दोन लेअर ठेवा आणि आलटून पालटून दाखवा.

दोन गोष्टी विसरू नका. नस्तालीक अक्षरं तिरकी उतरत जातात, त्यांना उंची जास्त लागते. म्हणून उर्दू ओळींत मोकळी जागा सोडा. आणि मूळ फाइल एक्ससीएफमध्येच सेव्ह करा. जेपेगमध्ये सगळे लेअर एक होतात, नंतर वेगळे करता येत नाहीत.

ठिकाण बदललं तर मात्र ते दोन्ही ग्रुपमध्ये बदलावं लागेल. म्हणून पाठवण्याआधी उर्दू आमंत्रण घरातल्या उर्दू वाचणाऱ्या मोठ्यांकडून एकदा वाचून घ्या. हे काम सॉफ्टवेअर करत नाही.