कणभर धूळ

लोणारला जाऊन आलेला माणूस घरी आल्यावर एकच गोष्ट सांगत राहतो, "केवढा दगड पडला असेल हो!" काळ्या बेसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडणाऱ्या दगडाचं अप्रूप वाटणारच. पण सूर्यमालेच्या पडझडीचा हिशेब मांडायला बसलं, की अशा दांडग्या पाहुण्यांपेक्षा धुळीचंच नाव वहीत जास्त वेळा सापडतं.

ही धूळ म्हणजे धूमकेतूंनी वाटेत सांडलेला कचरा आणि लघुग्रह एकमेकांवर आपटून झालेला चुरा. बहुतेक कण मिलिमीटरहून लहान. त्यांचा सगळा जोर वेगात. बंदुकीची गोळी सेकंदाला साधारण एक किलोमीटर जाते, हे कण सहज वीस किलोमीटर. वेग वीसपट झाला, की तेवढ्याच वजनाची ऊर्जा चारशेपट होते. त्यामुळे कण आपटतो तिथे कणाची आणि खालच्या पदार्थाची क्षणात वाफ होते.

चंद्राला हवेचं पांघरूण नाही. अब्जावधी वर्षांच्या या माऱ्यानं तिथल्या खडकाचं पीठ झालंय, आणि झिजवायला वारा-पाणी नसल्यामुळे त्या पिठाची धार आजही कायम आहे. अपोलो १७चे हॅरिसन श्मिट यानात परतले तेव्हा त्या धुळीनं त्यांचं नाक चोंदलं. तिचा वास उडवलेल्या दारूसारखा येतो, असं अनेक चांद्रवीरांनी सांगितलंय. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या आपल्या गल्लीसारखाच म्हणायचा. २०१३-१४मध्ये नासाच्या 'लॅडी' यानाला चंद्राभोवती धुळीचा विरळ, पण कायमचा ढग आढळला. तो या माऱ्यानंच उडतो, आणि डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावात दाट होतो.

माझा आवडता किस्सा मात्र शनीच्या घरचा. १६७१ साली जिओव्हानी कॅसिनी यांनी आयापेटस हा उपग्रह शोधला. तो शनीच्या पश्चिमेला दिसे आणि पूर्वेला गेला की गायब होई. एक अंग उजळ आणि दुसरं काळं असावं, असा तर्क त्यांनी केला आणि तो बरोबर निघाला. काळं का, हे कळायला तीन शतकं लागली. २००९मध्ये स्पिट्झर दुर्बिणीनं शनीभोवती धुळीचं एक अवाढव्य, अंधुक कडं शोधलं. फीबी या दूरच्या उपग्रहावर कण आपटून उडणारी ही धूळ आत सरकते आणि आयापेटसच्या पुढच्या तोंडावर बसते. काळी बाजू उन्हात जास्त तापते, तिथलं बर्फ उडून उजळ बाजूवर जाऊन गोठतं. काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं. सुरुवात धुळीची, पुढचं काम उन्हाचं.

गुरूची कडीसुद्धा त्याच्या छोट्या उपग्रहांवरून उडालेल्या धुळीचीच.

यानांसाठी ही धूळ थेट शत्रू. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४०च्या दशकातच तोड सुचवली होती: मुख्य भिंतीपुढे थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा. कण त्यावर फुटतो आणि मागच्या भिंतीवर नुसता फवारा पोचतो. अशीच ढाल घेऊन युरोपचं 'जोत्तो' यान १४ मार्च १९८६ रोजी हॅलेच्या धूमकेतूपासून ५९६ किलोमीटरवरून गेलं. तिथे कणांचा वेग सेकंदाला ६८ किलोमीटर! एका टोल्यानं यान डगमगलं, अर्धा तास संपर्क तुटक झाला, कॅमेरा कायमचा गेला. यान मात्र वाचलं. दुर्बिणीच्या आरशापुढे पत्रा लावायची सोय नाही. मे २०२२मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या सोनेरी आरशाच्या अठरा तुकड्यांपैकी एकाला अपेक्षेहून मोठा कण लागला. आता जमेल तेव्हा आरसा प्रवासाच्या दिशेकडे न धरण्याची काळजी घेतात.

आपल्या पृथ्वीवर दर वर्षी या सूक्ष्म धुळीचे सुमारे ५,२०० टन जमिनीपर्यंत पोचतात. जे वरच जळतं, त्यातलं सोडियम ९० किलोमीटरवर थर करून राहतं. खगोलशास्त्रज्ञ त्या थरावर लेसर टाकून दुर्बिणीसाठी कृत्रिम तारा तयार करतात. शत्रूकडून काम करून घेणं, ते हेच.

ही धूळ नुसत्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर दिवाळीसारखा मुहूर्त नाही. अमावास्येच्या आसपास चंद्राची अडचण नसते. पाडव्याला अभ्यंगस्नानाच्या आधी, सूर्योदयापूर्वी दीड तास, गावाच्या दिव्यांपासून लांब जा आणि पूर्वेकडे बघा. क्षितिजावरून तिरका वर जाणारा फिकट उजेडाचा शंकू दिसला, तर ती पहाट नव्हे. सूर्याभोवतीच्या त्याच धुळीवर पडलेलं ते ऊन आहे.