परिचारिकेची नजर आणि हात

रुग्णाचे अंग पुसताना, त्याची कूस बदलताना किंवा वेणी घालून देताना परिचारिकेला त्याचे जेवढे शरीर दिसते, तेवढे डॉक्टरांना सहसा दिसत नाही. त्वचा, केस व नखे यांची पाहणी म्हणूनच मुख्यतः तिचे काम ठरते. परंतु या विषयावरील जुनी पाठ्यपुस्तके बहुधा गोऱ्या रुग्णांना समोर ठेवून लिहिली गेली. त्यांतील लक्षणे सावळ्या अंगावर जशीच्या तशी उमटत नाहीत.

शय्याव्रणाचे उदाहरण घ्या. रुग्ण एकाच स्थितीत पडून राहिला, म्हणजे माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी दाब पडून रक्तपुरवठा खुंटतो. गोऱ्या त्वचेवर प्रथम लाली येते आणि बोटाने दाबली तरी ती जात नाही. सावळ्या त्वचेवर ती जागा फार तर किंचित काळसर वा जांभळट दिसते; कित्येकदा तेवढीही नाही. येथे हातच उपयोगी पडतो. हाताच्या पाठीला ती जागा आसपासच्या त्वचेहून उष्ण किंवा थंड लागते, बोटांना कठीण किंवा लिबलिबीत लागते. ही सूचना हुकली, तर कातडी फाटल्यावरच व्रण ध्यानात येतो आणि तो भरून येण्यास महिने लागू शकतात.

रक्तक्षयाची पांडुरता खालच्या पापणीच्या आत व तळहातावर पाहावी. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, आणि तीही दिवसाच्या उजेडात, पिवळ्या दिव्याखाली नव्हे. नख दाबून सोडल्यावर सुमारे २ सेकंदांत त्याचा गुलाबी रंग परतावा. नखांवरील रंग पुसता येतो; मेंदी मात्र नख वाढेपर्यंत जात नाही, आणि आपल्याकडे ही अडचण लहान नाही! चमच्यासारखी खोलगट नखे बहुधा लोहाची उणीव दाखवतात. कुपोषित मुलाचे केस भुरकट होतात व सहज उपटून येतात. कधी एकाच केसावर फिके व गडद पट्टे असतात. उपासमारीचे आणि पोटभर अन्नाचे दिवस त्यांत आळीपाळीने नोंदलेले असतात.

अंगावरचा फिकट चट्टा दिसला, तर रुग्णाला डोळे मिटावयास सांगून तेथे कापसाचा हलका स्पर्श करावा. स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाची शंका घेणे आवश्यक असते. असा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. त्यामुळे रुग्ण त्याविषयी आपण होऊन बोलत नाही.