तासावर विकले जाणारे इंजिन

कारखानदार सेवेकडे वळला की यंत्रे बनवण्यावरचे त्याचे लक्ष उडाले, असा समज पक्का रुजलेला आहे. सेवा म्हणजे विक्रीनंतरची दुरुस्ती, फार तर वार्षिक देखभालीचा करार. आणि हे खूळ इंटरनेटबरोबर आले, असेही मानले जाते. यातला शेवटचा समज तारखाच खोडून काढतात. १९५९ मध्ये आलेले झेरॉक्स ९१४ हे यंत्र कंपनीने मुख्यतः भाड्याने दिले: महिना ९५ डॉलर, त्यात २,००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. १९६२ मध्ये ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने व्हायपर या छोट्या जेट इंजिनाची देखभाल आणि सुटे भाग उड्डाणाच्या दर तासामागे ठरावीक रक्कम घेऊन पुरवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये ही कंपनी रोल्स-रॉइसने घेतली आणि पुढे नव्वदच्या दशकात हीच पद्धत मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनांना लावली.

मूळ गैरसमज दूर व्हायला या व्यवहाराचा हिशेब पाहावा लागतो. पूर्वी इंजिन जितके बिघडे तितके सुटे भाग खपत. ग्राहकाचे नुकसान हीच उत्पादकाची कमाई होती. तासाच्या करारात इंजिन विमानावरून उतरवून वर्कशॉपमध्ये न्यावे लागले, की खर्च उत्पादकाच्या खिशातून जातो. त्यामुळे टर्बाइनचे पाते किती उष्णता सोसेल, एखादा भाग किती उड्डाणांनंतर बदलायचा, या प्रश्नांची उत्तरे डिझाइन करतानाच शोधावी लागतात. उडत्या इंजिनाचे तापमान, दाब आणि कंपने यांवर जमिनीवरून नजर ठेवली जाते, तीही याचसाठी. रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनांची पाती अपेक्षेपेक्षा लवकर खराब होऊ लागली, तेव्हा ती इंजिने बसवलेली बोइंग ७८७ विमाने जमिनीवर अडकली आणि कंपनीला जबर भुर्दंड पडला. सेवेच्या करारात कारखान्यातली उणीव अशी थेट ताळेबंदात उतरते.

मग यात हमखास नफा आहे, असे म्हणणारेही चुकतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे विमाने थांबली, मोठ्या इंजिनांचे उड्डाणतास आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले आणि रोल्स-रॉइसला ९,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा करावी लागली. उड्डाणे थांबली की कमाईही थांबते, हा आक्षेप खराच आहे, पण तो सेवेपेक्षा दराच्या गणिताला अधिक लागू पडतो. आपले यंत्र ग्राहकाकडे किती तास चालते, कशाने बंद पडते, याची वर्षानुवर्षांची नोंद ज्याच्याकडे नाही, त्या कारखानदाराने तासाचा दर ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने आधी साधा देखभालीचा करार करावा आणि प्रत्येक बिघाड लिहून ठेवावा.