टाकाऊचा ताळेबंद : तुरीला तारण, पऱ्हाट्यांना का नाही?

उसाचं चिपाड आणखी एक आठवडा थांबेल. जालन्याच्या भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांवरचा लेख संपवताना पुढच्या वेळी तीर्थपुरी-अंकुशनगरच्या साखर कारखान्यांकडे वळायचं मी कबूल केलं होतं. पण जांब समर्थहून एका वाचकाचं पत्र आलं आणि बेत बदलला. गाव रामदासांच्या जन्माचं. पत्र मात्र शुद्ध व्यवहाराचं. सोबत ब्रिकेट, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या, काढायच्या यंत्राचं कोटेशन जोडलंय : यंत्र, कुट्टी, काटा, शेड असं सगळं मिळून 40 लाख. आणि शेवटी प्रश्न : ‘जालन्याच्या भंगारावर बँका कोटींनी पैसा लावतात, असं तुम्हीच लिहिलंत. मग आमच्या पऱ्हाट्यांनीच काय घोडं मारलंय?’

प्रश्न इतका नेमका आहे की अख्खा हप्ता त्यालाच देतो.

आधी माल पाहू. कपाशीची शेवटची वेचणी झाली की शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या. हेक्टरी दोन ते तीन टन, म्हणजे एकरी साधारण टनभर. वाळल्यावर किलोमागे चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देतात. आपल्याकडचा साधारण प्रतीचा दगडी कोळसाही त्याच पट्ट्यात बसतो. वर राख कोळशापेक्षा कितीतरी कमी. माटुंग्याची सिरकॉट ही कापूस संशोधन संस्था 1924 सालापासून कापसाच्या मागे आहे. तिच्या नागपूरच्या केंद्रात पऱ्हाट्यांचे पार्टिकल बोर्ड करून दाखवलेत, ब्रिकेट आणि पेलेट, म्हणजे बारीक इंधन-गोळ्याही, केलेत. तेव्हा ‘यातून काही निघतं का?’ हा प्रश्न केव्हाच सुटलाय.

शिवाय पऱ्हाट्या शेतात ठेवणं परवडतही नाही. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भाची काय दशा केली, ते जांब समर्थच्या घनसावंगी तालुक्याला सांगायला नको. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा, असं कृषी खातं तेव्हापासून कानीकपाळी ओरडतंय. अळी न उमललेल्या बोंडांत दडून राहते आणि बांधावर किंवा घरामागे रचलेल्या ढिगातून पुढच्या हंगामात पुन्हा शेतात येते. म्हणून अनेक जण सरळ काडी लावतात.

म्हणजे माल फुकटात जळतोय, तंत्र हाताशी आहे, आणि शेतकऱ्याला तो लवकर शेताबाहेर हवाय. मग अडतं कुठं?

यंत्र विकणाऱ्याच्या कोटेशनात जे लिहिलेलं नसतं, तिथं. हिशेबापुरतं धरू की यंत्र ताशी एक टन काढतं, दिवसाला दहा तास चालतं आणि वर्षातले 300 दिवस चालतं. ब्रिकेट झाली 3,000 टन. ओल आणि धूळ यांची दहा टक्के घट धरली की पऱ्हाट्या लागल्या साधारण 3,300 टन. हेक्टरी दोन टनच धरले तर 1,650 हेक्टर, म्हणजे चार हजार एकरांहून जास्त कपाशी. हे एकट्या जांब समर्थचं काम उरलं नाही. आसपासची गावं धरावी लागली.

आता पैसा. पऱ्हाटी उपटणं, जागेवर कुट्टी करणं आणि वाहून आणणं मिळून टनाला दोन हजार रुपये पडतात असं धरा. तुमच्या भागातला आकडा तुम्ही घाला. 3,300 टनांचे झाले 66 लाख. आणि हा माल वर्षभर थोडाथोडा येत नाही. जानेवारी ते मार्च हीच खिडकी. तेवढ्या काळात पाव माल विकला जाईल असं मानलं तरी मार्चअखेर पन्नास लाखांच्या आसपास रक्कम गंजीच्या रूपात उघड्यावर उभी. त्यात गिऱ्हाईक महिना-दीड महिन्याची उधारी मागणार. ब्रिकेट पाच हजार रुपये टनानं गेली तर दीड महिन्याची उधारी 19 लाखांच्या घरात जाते. दोन्ही मिळून 69 लाख. यंत्र 40 लाखांचं.

हे उत्तराचं पहिलं निम्मं. माणसं यंत्राच्या कर्जासाठी धावतात आणि ते बहुतेकदा मिळतंही, कारण यंत्र दिसतं, त्यावर नंबर असतो, बुडालं तर ओढून नेता येतं. धंदा बसतो तो खेळत्या भांडवलावाचून. मी पाहिलेल्या बंद ब्रिकेट प्रकल्पांत यंत्र बिघडलंय म्हणून बंद असलेला विरळाच. बाकीच्यांना फेब्रुवारीत माल भरायला पैसे नव्हते आणि ऑगस्टमध्ये यंत्रात घालायला माल नव्हता.

मग भंगाराचं काय वेगळं? भट्टीवाल्याचं कॅश क्रेडिट कसं चालतं ते मागच्या वेळी पाहिलंच : महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, मार्जिन वजा करायचं, उरलेल्यावर उचल. हे जमतं, कारण भंगाराला रोजचा भाव आहे. जालन्याचा भाव सकाळी फोनवर रायपूरला कळतो आणि रायपूरचा जालन्याला. भंगाराला प्रती आहेत. जड तुकडे वेगळे, पत्रा वेगळा, कातरण वेगळी. वजनकाट्याची पावती आहे. एका भट्टीनं नाकारलं तर शेजारची घेते. आणि पावसात भिजलं तर गंजेल, पण कुजणार नाही.

कागदही वाढलाय. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी भरायची जबाबदारी नोंदणीकृत घेणाऱ्यावर आली, आणि दोन नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारात अडीच लाखांवरच्या करारावर दोन टक्के कापून भरणं आलं. खोट्या बिलांचा सुळसुळाट हे त्यामागचं कारण. भंगार बाजारात याबद्दल कुरकूर पुष्कळ आहे. पण प्रत्येक व्यवहाराची नोंद राहिली की बँकेला त्या धंद्याचा आकार दिसतो, आणि दिसणाऱ्या धंद्यालाच ती पैसा लावते.

आता हे सगळं पऱ्हाट्यांना लावून पाहा. घनसावंगीत आज पऱ्हाटीचा भाव काय? ज्याला विचाराल तो वेगळा सांगेल. प्रत कोणती? ओल किती, माती किती, कुट्टी किती बारीक, हे मोजतं कोण? घेणारा एकच कारखाना असेल आणि त्यानं बॉयलर बदलला तर? गंजीला आग लागली तर विमा आहे का? बँकेचा अधिकारी दुष्ट नसतो. या प्रश्नांपुढे त्याच्या कागदावर लिहायला काही नसतं, एवढंच.

आणि हे शेतमालाला नवीन नाही. राज्याचं कृषी पणन मंडळ 1990-91 पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालवतं. तूर, सोयाबीन, हरभरा, मका बाजार समितीच्या गोदामात ठेवा; किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजानं मिळते. भाव पडलेला असताना माल विकावा लागू नये, हा हेतू. एकाच शेतात, एकाच झाडाला आलेल्या तुरीवर कर्ज मिळतं. तुराट्यांवर मिळत नाही. दाण्याला प्रत, भाव आणि गोदाम या तीन गोष्टी आपण देऊन ठेवल्या, काडीला एकही दिली नाही.

इथं थोडं विषयांतर करतो. माझा हा जुना आवडता मुद्दा आहे. पऱ्हाट्या ‘फुकट’ जातात असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. बऱ्याच गावांत ज्या बायका शेत मोकळं करून देतात त्याच पऱ्हाट्या घेऊन जातात. कधी तीच त्यांची मजुरी असते. गॅसची टाकी घरात असली तरी ती पुन्हा भरायला दर वेळी पैसे असतातच असं नाही, त्यामुळे भूमिहीनांच्या चुली अजून यावर पेटतात. उद्या पऱ्हाटीला टनाचा भाव आला की शेतकरी ती देणं बंद करेल. वर्तुळाकार अर्थव्यवस्थेवरच्या चकचकीत अहवालांत ही बाई कुठं सापडत नाही. म्हणून कोणी प्रकल्प उभारत असेल तर उपटणीचा आणि गोळा करण्याचा दर रोख आणि लेखी ठरवा, आणि चुलीपुरता वाटा गावात सोडा. उरलेलं यंत्राला.

तसाच वाटा जमिनीचाही. कुट्टी करून शेतातच गाडलेली पऱ्हाटी सेंद्रिय कर्ब वाढवते. ज्याची जमीन हलकी आणि उघडी पडलेली आहे, त्यानं टनाच्या दोन हजारांसाठी ती शेताबाहेर काढू नये.

आता उरलेलं निम्मं उत्तर : पैसा येणार कुठून?

अनुदानं आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात, नोव्हेंबर 2022 च्या घोषणेनुसार, ब्रिकेट-पेलेट प्रकल्पाला ताशी एक टन क्षमतेमागे 9 लाख, जास्तीत जास्त 45 लाख, असं साहाय्य ठेवलं गेलं; पुढे पेलेटचे दर सुधारले. त्या कार्यक्रमाचा पहिला टप्पा 2025-26 पर्यंतचा होता, त्यामुळे अर्जाआधी आजची स्थिती विचारून घ्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात प्रवर्गानुसार 25 किंवा 35 टक्के अनुदान आहे. पण दोन्हींत एक मेख आहे. पहिलं साहाय्य प्रकल्प चालू झाल्यावर मिळतं. दुसऱ्यातली रक्कम बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते. म्हणजे अनुदानानं फेब्रुवारीतला माल भरता येत नाही. ज्यांनी ते सुरुवातीचं भांडवल समजून हिशेब मांडला, त्यांचा हिशेब पहिल्याच वर्षी फिसकटला.

वीज केंद्रांचं दारही किलकिलं झालंय. औष्णिक केंद्रांनी कोळशात जैवभार मिसळायचा हा नियम असून 2024-25 पासून पाच टक्के आणि 2025-26 पासून सात टक्के असं प्रमाण 2023 मध्ये ठरलं होतं. योगायोग असा की यासाठीच्या केंद्रीय अभियानाचं संक्षिप्त नाव ‘समर्थ’च आहे. पण वीज केंद्राला पेलेट लागतात आणि पत्रासोबतचं यंत्र ब्रिकेटचं आहे. ब्रिकेट जातात कारखान्यांच्या बॉयलरला. यंत्र घेण्याआधी गिऱ्हाईक ठरवा, असं मी दर हप्त्यात म्हणतो ते यासाठी.

तेव्हा पत्रलेखकांना माझा सल्ला असा. यंत्र यंदा घेऊ नका. यंदा फक्त ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टी घ्या किंवा भाड्यानं आणा. मोकळ्या पऱ्हाट्यांनी भरलेली ट्रॉली म्हणजे निम्मी हवाच. कुट्टी झाली की त्याच फेरीत कितीतरी जास्त वजन जातं, आणि या धंद्यातला नफा-तोटा बराचसा त्या फेरीवर ठरतो. एक हंगाम कुट्टी विका, चालू असलेल्या ब्रिकेटवाल्याला किंवा थेट बॉयलरवाल्याला. काट्याची पावती, ओलीची नोंद, बिल, बँकेत जमा रक्कम, सगळं जपून ठेवा. एका हंगामाचे हे कागद हीच पुढच्या वर्षीच्या खेळत्या भांडवलाची खरी शिफारस.

दुसरं, उद्यम नोंदणी करा आणि उत्पादक म्हणून करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं, असा 2006 चा कायदा आहे. तो वर्षानुवर्षं कागदावरच होता. एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराच्या कलम 43-ब मध्ये तरतूद आली की वेळेत न चुकवलेलं असं बिल त्या वर्षीचा खर्च म्हणून घेणाऱ्याला दाखवता येत नाही. तेव्हापासून मोठी गिऱ्हाइकं फोन उचलू लागलीत. गिऱ्हाईक 250 कोटींवर उलाढालीची कंपनी असेल तर त्याला ट्रेड्स या बिल-वटवणी मंचावर नोंदणी सक्तीची आहे. त्यानं तिथं तुमचं बिल मान्य केलं की एखादी बँक बोली लावून ते वटवते आणि व्याज ठरतं त्या गिऱ्हाइकाच्या पतीवर, तुमच्या नाही. वरच्या हिशेबातले उधारीचे 19 लाख असे सुटू शकतात.

गंजीतले पन्नास लाख मात्र तसे सुटत नाहीत. त्यासाठी एकट्यानं उतरू नये. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावोगावच्या गटांनी मिळून उतरावं. सभासद शेतकऱ्याला वाहतुकीचे पैसे लगेच आणि मालाचे दोन-तीन टप्प्यांत, असा करार एकमेकांना ओळखणारी माणसंच करू शकतात. साखर कारखाना उसाचं बिल टप्प्याटप्प्यानं देतो, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. इथं तीच रीत लेखी आणि तारखेसह आणता येईल.

आणि एक मागणी पणन मंडळाकडे. तारण कर्जाच्या यादीत काडी आणा. एखाद्या कपाशीच्या तालुक्यात, घनसावंगीतच, प्रयोग करा : बाजार समितीच्या आवारात छप्पर, ओल मोजायचं साधं यंत्र, दोन प्रती आणि आठवड्याला जाहीर होणारा भाव. यातलं काहीच महाग नाही. भाव फळ्यावर लागला की बँका आपोआप विचारायला येतील. भंगाराच्या बाबतीत तसंच झालं.

पुढच्या आठवड्यात चिपाड, नक्की. आणि कोणाच्या गावी कुट्टीचा दर ठरलेला असेल तर तो टनात आणि रुपयांत कळवा; एकरावरचा दर पाठवू नका, त्यावरून काहीच मोजता येत नाही.