बारा वाजता सूर्य खरोखर डोक्यावर असतो का?

'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य मुले पाठ करतात आणि आपणही त्यावर बरोबरची खूण करतो. ते तपासायला एक सरळ काठी, सुतळी, दगड आणि शाळेचे पटांगण एवढे पुरते.

सपाट जागी काठी अशी रोवावी, की जमिनीवर तिची उंची एक मीटर राहील. सुतळीला दगड बांधून ओळंबा करावा व काठी सरळ उभी आहे ना, हे दोन बाजूंनी पाहावे. बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवून लांबी मोजावी. टोक जरा पुसट दिसते, कारण सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे. तेव्हा दोन गटांच्या मापांत सेंटिमीटरभर फरक आला, तर तो खोडायला लावू नये!

पुण्यात २१ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत आखूड सावलीही जवळजवळ ९० सेंटिमीटर भरते. २१ मार्चला सुमारे ३३. आणि ती मिळते साडेबारा उलटून गेल्यावर. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे अधिक आहे आणि दर अंशाला चार मिनिटे लागतात. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा व कललेला अक्ष यांमुळे यात काही मिनिटांची कमीजास्त होते: नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९.

पुण्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यास आणि जुलैअखेर. एक दिवस सुटीत जातो, दुसरा बहुधा ढगांत. या दोहोंच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, हे किती जणांनी पाहिले आहे?

आता एखाद्या मुलीने परीक्षेत 'सूर्य बारा वाजता डोक्यावर नसतो' असे लिहिले, तर गुण द्यायचे का? आमच्या मते द्यावेत, मात्र तिच्या वहीत मापे हवीत. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले परीक्षेला पुस्तक घेऊन बसत. पाठांतराला तिथे किंमतच नव्हती. २००२ मध्ये तो बंद करण्यात आला.

आखूड सावलीची रेषा चुन्याने आखून ठेवावी. ती उत्तर-दक्षिण असते. नागपूरच्या एखाद्या शाळेनेही त्याच दिवशी मोजणी केली, तर तिथली आखूड सावली पुण्याच्या सुमारे २१ मिनिटे आधी येईल. का, ते मुलांनाच शोधू द्यावे.