दोन आठवड्यांचा परदेशी बर्फ

ऑस्ट्रियातले रामझाऊ, इटलीतले लिविन्यो, फिनलंडमधले वुओकाटी, स्वीडनमधले टोर्सबी. ही गावे नकाशावर शोधावी लागतात, पण क्रॉस-कंट्री स्कीइंग करणाऱ्या शाळकरी पोरांना ती तोंडपाठ असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, घरी अजून पानगळ चालू असताना, देशोदेशींचे कुमार संघ माणसाहून लांब पिशव्या घेऊन अशा गावांत उतरतात. पंधरा ते अठरा वर्षांची मुले-मुली, दोन-तीन प्रशिक्षक, स्कीला वॅक्स लावणारा एखादा जाणकार आणि दोन आठवड्यांचा मुक्काम. अमेरिकेसारख्या दूरच्या देशातून येणाऱ्यांच्या पालकांना तर ही सहल चांगलीच महागात पडते. मग ती कशासाठी? या प्रश्नाला साधारणपणे तीन उत्तरे मिळतात. बर्फ लवकर मिळतो, उंचीवरच्या विरळ हवेत रक्त सुधारते आणि शाळेचा व्याप नसल्याने दिवसातून दोनदा कसून सराव होतो. या तिन्ही उत्तरांत तथ्य थोडे आणि सवय जास्त आहे, असे माझे मत आहे. तरीही सहली बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. त्यांचा लाभ आहे, पण तो या तीन उत्तरांच्या बाहेर आहे. आणि तो ओळखला नाही तर पैसा आणि वेळ दोन्ही भलतीकडेच खर्ची पडतात.

आपल्याकडे स्कीइंग म्हटले की उतारावरून सुसाट खाली येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. क्रॉस-कंट्रीत तसे नसते. स्की अरुंद आणि हलकी, बुटाची टाच मोकळी, आणि सपाटी असो की चढ, सगळे अंतर स्वतःच्या हातापायांच्या बळावर, दोन काठ्या रेटत कापायचे. हृदय-फुप्फुसांचा याहून जास्त कस लावणारे खेळ फार थोडे. असे शरीर घडायला वर्षे जातात. हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ पदके जिंकणाऱ्या नॉर्वेच्या मारित ब्यॉर्गेनच्या सतरा वर्षांच्या सराव-नोंदी २०१७ साली अभ्यासकांनी प्रसिद्ध केल्या. विशीत ती वर्षाला सुमारे ५२० तास सराव करत होती. पुढच्या पंधरा वर्षांत हा आकडा ९४० पर्यंत गेला. म्हणजे जगातल्या सर्वांत यशस्वी स्कीपटूनेही वर्षाला सरासरी तीसेक तासांचीच भर घातली. आता सतरा वर्षांची एखादी मुलगी वर्षाला साडेचारशे तास सराव करते असे धरू. परदेशातल्या दोन आठवड्यांत ती फार तर पस्तीस तास करेल. हा वर्षाचा आठ टक्के हिस्सा झाला, आणि त्यातला बराचसा सराव तिने घरीही केलाच असता. एवढ्याशा वाढीने शरीर बदलत नाही. उलट जेमतेम दहा तासांची सवय असलेल्या पोरांना आठवड्यात अचानक अठरा-वीस तास पळवले की थकवा, सर्दी-ताप आणि मग घरी परतल्यावर वाया गेलेले दहा-बारा दिवस, हा हिशेब प्रशिक्षकांना नवा नाही. सहलीच्या वहीत तेवढा तो मांडला जात नाही.

उंचीचे प्रकरण जरा अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण त्यामागे खरे शास्त्र आहे. हवा विरळ झाली की शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करते, त्या ऑक्सिजन जास्त वाहून नेतात आणि दमसास वाढतो. १९९७ साली बेंजामिन लेव्हिन आणि जिम स्ट्रे-गंडरसन यांनी धावपटूंवर केलेला प्रयोग आजही या विषयाचा पाया मानला जातो. २५०० मीटरवर राहायचे आणि १२५० मीटरवर उतरून जोरकस सराव करायचा, असे चार आठवडे करणाऱ्यांची धाव सुधारली. यातले दोन आकडे कुमार संघांच्या सहलींना अडचणीचे आहेत. पहिला चार आठवड्यांचा, कारण शाळकरी मुलांना इतकी सुट्टी कोण देणार? दुसरा राहण्याच्या उंचीचा. लिविन्यो १८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे प्रयोगातल्या मुक्कामाहून बरेच खाली. रामझाऊला तर गणित पार उलटे होते. मुले झोपतात सुमारे ११०० मीटरवर आणि सरावाला केबल कारने जातात २७०० मीटरवरच्या डाख्श्टाइन हिमनदीवर. तिथे दम लागल्याने वेग कमी होतो आणि रात्री खाली आल्याने रक्ताला वाढायचे कारण उरत नाही. शिवाय क्रॉस-कंट्रीच्या शर्यती आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार १८०० मीटरच्या वर घेत नाहीत. बहुतेक मोठ्या शर्यती त्याहून पुष्कळ खाली होतात. तेव्हा दोन आठवड्यांत मिळाला तर उंचीचा अनुभव मिळेल. उंचीचा लाभ मिळणे कठीण.

राहिला बर्फ. उन्हाळाभर मुले डांबरी रस्त्यावर चाकांच्या रोलर स्कीवर सराव करतात आणि त्यात एक खोट आहे. क्लासिक शैलीच्या रोलर स्कीचे एक चाक मागे फिरू नये म्हणून अडकवलेले असते. त्यामुळे पाय कसाही मारला तरी माणूस पुढेच जातो. बर्फावर ही सवलत नाही. स्कीचा मधला बाक नेमक्या क्षणी, पूर्ण वजनानिशी दाबला गेला तरच खालचे वॅक्स बर्फाला धरते. नाही तर पाय सर्रकन मागे सुटतो. उन्हाळ्यात लागलेल्या चुकीच्या सवयी लवकरात लवकर बर्फावर उघड्या पडणे चांगलेच, एवढे मी मान्य करतो. पण हा बर्फ परदेशीच असावा लागतो असे नाही. अलास्कातल्या अँकरेजच्या एका विद्यापीठाचा स्की संघ उन्हाळ्यात हेलिकॉप्टरने ईगल हिमनदीवर जाऊन आठवडाभर राहतो आणि सराव करतो. म्हणजे अमेरिकेत भर जुलैमध्येही बर्फ आहे. युरोपातही आता निसर्गाची वाट पाहत कोणी बसत नाही. वुओकाटीत १९९७ साली १.२ किलोमीटरचा बर्फाचा बोगदा बांधला गेला, टोर्सबीत २००६ साली, जर्मनीतल्या ओबरहोफला २००९ साली. दावोसमध्ये गेल्या हिवाळ्याचा बर्फ लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरअखेर तो पसरून सुमारे चार किलोमीटरची वाट तयार करतात. हिमनद्या मात्र हातच्या जात आहेत. डाख्श्टाइनवरच्या उतारावरील स्कीइंगच्या लिफ्ट २०२२-२३ च्या हिवाळ्यात बंद ठेवायचे ठरले, कारण बर्फ इतका खचला होता की त्यांची देखभाल करणे परवडेना. ज्या बर्फासाठी पोरे समुद्र ओलांडतात तोच वर्षागणिक मागे हटतो आहे.

मग उरते काय? उरते पाहणे. गाणे शिकणारा रियाज घरी करतो, पण चांगले गाणे कसे असते हे त्याला मैफलीत बसूनच कळते. सहलीचे काम या मैफलीचे आहे. या खेळाच्या इतिहासात याचा सर्वांत ठसठशीत पुरावा अमेरिकेचाच आहे. व्हर्मांटच्या बिल कोकने १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरचे रौप्यपदक जिंकले. क्रॉस-कंट्रीतले ते अमेरिकेचे पहिले पदक. त्यानंतर १९८० साली स्वीडनमध्ये गोठलेल्या नदीवरच्या एका शर्यतीत त्याने एका स्पर्धकाला वेगळीच चाल चालताना पाहिले. एक स्की चाकोरीत, दुसरी बाजूला तिरकी रेटत, स्केटिंग केल्यासारखी. कोकने ती चाल उचलली, घोटवली आणि १९८२ साली विश्वचषकाची एकूण क्रमवारी जिंकली. पुढच्या काही वर्षांत सगळा खेळच दुभंगला आणि क्लासिक व मुक्त शैली अशा दोन वेगळ्या शर्यती घ्याव्या लागल्या. कोकचे शरीर घडले व्हर्मांटच्या टेकड्यांवर. स्वीडनमध्ये त्याने फक्त पाहिले, आणि जे पाहिले ते घरी बसून सुचण्यासारखे नव्हते.

सोळा-सतराव्या वर्षी पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे संथपणा. उत्तम स्कीपटूंच्या सरावाचा फार मोठा हिस्सा, नव्वद टक्क्यांच्या आसपास, हलक्या वेगाचा असतो, हे नॉर्वेच्या खेळाडूंच्या नोंदींतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. प्रशिक्षक हे घसा कोरडा होईपर्यंत सांगतात, पण उमद्या वयाच्या पोरांना ते पटत नाही. आपल्या गावात आपण पहिले आहोत, तर रोजच्या सरावातही पहिलेच असले पाहिजे असे त्यांना वाटते. मग ती वुओकाटीच्या बोगद्यात जातात आणि ज्याचे चित्र खोलीच्या भिंतीवर लावले आहे तो गडी चढावर आपल्यापेक्षा हळू जाताना दिसतो. त्याच्या प्रत्येक पावलाला वजन पूर्ण एका स्कीवर जाते, क्षणभर तिथे स्थिर राहते आणि मगच दुसरी स्की पुढे येते. सराव संपल्यावर तो ताबडतोब कोरडे कपडे घालतो, खातो, झोपतो. यातले काहीच गुपित नाही. पण व्याख्यानाने जे उतरत नाही ते एका सकाळी डोळ्यांनी उतरते. म्हणून मी म्हणतो की सहलीत तास वाढवू नयेत, उलट थोडे कमी करावेत, आणि वाचलेला वेळ इतरांचा सराव पाहण्यात, यजमान गावाच्या क्लबातल्या मुलांबरोबर मिसळून स्की करण्यात घालवावा. आपलाच प्रशिक्षक, आपलीच मुले, आपलेच जेवण घेऊन परदेशात राहणारा संघ खरे तर घरीच राहिलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे कोकच्या एका किश्श्यावर उभे आहे. तसे नाही. कोकनंतर अमेरिकेला या खेळात ऑलिंपिक पदक मिळायला ४२ वर्षे लागली. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचांगमध्ये किकन रँडल आणि जेसी डिगिन्स यांनी सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण स्वीडनपेक्षा ०.१९ सेकंदाने जिंकले. मधल्या काळात देशाची मुले आळशी नव्हती. बर्फ, डोंगर, पैसा यांचीही वानवा नव्हती. रँडलच्या पिढीपासून बदलले ते हे की अमेरिकन खेळाडू हिवाळाभर युरोपात राहून तिथल्यांच्या बरोबरीने शर्यती आणि सराव करू लागले, आणि पाठोपाठ अठरा वर्षांखालील निवडक मुलामुलींचा संघ नॉर्डिक देशांच्या समवयस्कांशी खेळायला जाऊ लागला. २०१९ साली लाहतीला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा, अमेरिकेच्या मुलांनी कुमार जागतिक स्पर्धेत रिलेचे सुवर्ण जिंकले. अर्थात याच काळात तिथल्या क्लबांनी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमले, महाविद्यालयांबाहेरही खेळाडूंना आधार मिळाला, आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांचा आहे. सहलींनी विजेते घडवले असा माझा दावा नाही. घरच्या कष्टांना मोजमाप त्यांनी दिले, एवढेच.

दुसरा आक्षेप नॉर्वेकडून येतो आणि तो जास्त भक्कम आहे. ट्रॉन्डहाइममध्ये २०२५ च्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णे जिंकणारा योहान्नेस क्लेबो त्याच शहरात, स्वतःच्या आजोबांच्या हाताखाली शिकला. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच नसते, आणि अगदी लहानग्यांच्या स्पर्धा तर स्वतःच्या क्लबापुरत्या असतात. घरी राहून, घाई न करता जगज्जेते घडत असतील तर ही धावपळ कशाला? उत्तर सोपे आहे. इतरांना ज्यासाठी विमान पकडावे लागते ते नॉर्वेच्या पोराला घरामागच्या दिव्यांच्या वाटेवर दिसते. संध्याकाळी तिथे शेजारची आजी, राष्ट्रीय संघातला खेळाडू आणि शाळकरी मुले एकाच चाकोरीतून जातात. पण या आक्षेपातला वयाचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना परदेशी शिबिरांना नेण्याचा सोस निव्वळ पालकांच्या हौसेचा आहे. ज्याचे स्वतःचे तंत्र अजून बसलेले नाही त्याला दुसऱ्याच्या तंत्रात काय पाहायचे हेच कळत नाही.

पैशाचा आक्षेप कोणत्याही युक्तिवादाने मिटणारा नाही. सहल ऐपतीवर ठरत असेल तर निवड खेळाची न राहता उत्पन्नाची होते. अमेरिकेत नॅशनल नॉर्डिक फाउंडेशन देणग्या गोळा करून निवडक मुलांचा भार काही अंशी उचलते, ही त्यातल्या त्यात शहाणी वाट. हवामानाचा आक्षेप याहून बोचरा. विमानाच्या धुराने जो बर्फ वितळतो त्याच बर्फाच्या शोधात विमानाने जाणे, ही विसंगती खेळाडूंनाही टोचते. डिगिन्स स्वतः हवामानाच्या प्रश्नावर अमेरिकी लोकप्रतिनिधींकडे बाजू मांडत आली आहे. माझे म्हणणे मानले तर निदान दरवर्षी हिमनदी गाठण्याचे कारण उरत नाही. पाहायचेच असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा, हिवाळ्यात, जिथे स्थानिक मुले खेळतात तिथे जाणे पुरेसे आहे.

भारताच्या बाबतीत हाच तर्क जरा वेगळा वळतो. प्योंगचांगमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत १०३ वा आलेला जगदीश सिंग हा लष्करातला जवान होता. आपले बहुतेक क्रॉस-कंट्री स्कीपटू लष्कर किंवा निमलष्करी दलांतून येतात, म्हणजे शरीर कणखर झाल्यावर, विशीत, स्कीवर उभे राहतात. उंची आपल्याला गुलमर्गलाच २६०० मीटरवर फुकट मिळते आणि दमाची कमतरता नसते. कमी पडते ती लहानपणापासून चांगली चाल पाहत आल्याने येणारी सहजता. कोडगूसारख्या बिनबर्फाच्या जिल्ह्यातून आलेली भवानी थेक्कडा नंजुंडा जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली ती परदेशातल्या बर्फावर हिवाळे काढून. तिच्यासारख्यांना दोन आठवडे पुरणारच नाहीत.

शेवटी एक प्रश्न असा की जग आपल्याच दारी आले तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये मिनिआपोलिसच्या एका सार्वजनिक उद्यानात क्रॉस-कंट्रीचा विश्वचषक भरला. २००१ नंतर अमेरिकेत असे प्रथमच घडले. दहा किलोमीटरची शर्यत जिंकली अलास्काच्या गस शूमाकरने, लाहतीच्या त्या रिले संघातल्याच मुलाने, आणि मिनेसोटातली हजारो पोरे कुंपणाला टेकून ओरडत होती. त्यांना आता युरोपाची गरज काय, असे विचारता येईल. पण कुंपणापलीकडे दिसते ती शर्यत, आणि शर्यतीत प्रत्येक जण जीव तोडून पळतो. तसे पळणे तर या पोरांना आधीपासूनच येते. मंगळवारी सकाळी, प्रेक्षक नसताना, तोच शूमाकर दोन तास किती हळू जातो हे विश्वचषकाच्या तिकिटात दिसत नाही.