'गिटार हिरो' या खेळातील काठिण्यपातळी व सराव : एक विवेचन

प्रस्तावना :
लयीवर आधारित व्हिडिओ गेममध्ये 'गिटार हिरो' या खेळाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. हार्मोनिक्स या अमेरिकन कंपनीने तयार केलेला हा खेळ २००५ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रकाशित झाला. त्याच्या गिटारसारख्या नियंत्रकावर पाच रंगीत बटणे असतात. पडद्यावरून सरकत येणारी खूण ठरावीक रेषेवर पोहोचताच एका हाताने त्या रंगाचे बटण दाबून दुसऱ्या हाताने छेडण्याची पट्टी हलवावी लागते. चुका वाढत गेल्यास गाणे मध्येच बंद पडते. नवशिक्या खेळाडूसाठी काठिण्यपातळीची सोय सुरुवातीपासूनच होती आणि सरावाची सोय पुढे उपलब्ध झाली. या दोहोंतील फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काठिण्यपातळीचे स्वरूप :
खेळात इझी, मीडियम, हार्ड व एक्सपर्ट अशा चार पातळ्या आहेत. गाणे, त्याची गती व लांबी सर्व पातळ्यांवर सारखीच राहते. बदलते ती खुणांची संख्या. इझी पातळीवर हिरवे, लाल व पिवळे ही तीनच बटणे लागतात. मीडियमवर निळे आणि हार्डवर नारिंगी बटण वाढते. एक्सपर्टवर बटणे पाचच असली तरी खुणा अधिक दाट होतात.

यातील मीडियमकडून हार्डकडे जाणारी पायरी विशेष अवघड ठरते. चार बटणांना चार बोटे पुरतात, त्यामुळे पंजा एका जागी स्थिर ठेवता येतो. पाचव्या बटणासाठी मात्र बोट उरत नाही. पंजा सरकवावाच लागतो. म्हणजेच येथे केवळ काम वाढत नाही, तर कामाची रीतच बदलते.

सरावाची सोय :
२००६ मधील 'गिटार हिरो २' मध्ये स्वतंत्र सरावाची सोय देण्यात आली. गाण्याचा हवा तो भाग निवडून तो मूळ अथवा कमी गतीने पुन्हा पुन्हा वाजवता येतो. येथे चुकांमुळे गाणे बंद पडत नाही. निवडलेल्या पातळीवरील एकही खूण वगळली जात नाही, हे विशेष. तबल्याचा विद्यार्थी कायदा आधी ठाय लयीत पक्का करून मग दुगुनीत नेतो, त्याच जातीची ही पद्धत आहे.

दोहोंतील फरक :
काठिण्यपातळी आशय कमी करते, गती कायम ठेवते. सराव आशय कायम ठेवून गती कमी करतो. हार्ड पातळीवर वारंवार अपयशी ठरणारा खेळाडू मीडियमकडे परतला, तर त्याला येत असलेलेच तो पुन्हा गिरवतो. पंजा सरकवण्याचा प्रसंगच तेथे येत नाही. त्याला गरज असते ती त्याच पातळीवरील संथ सरावाची. उलट, ज्याला संपूर्ण गाणे मूळ गतीत निभावता येत नाही, त्याला खालची पातळीच उपयोगी पडते.

निष्कर्ष :
'सोपे करणे' या एकाच शब्दप्रयोगात दोन भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. अडचण नेमकी कोणती हे न पाहता दिलेली मदत शिकणाऱ्याला जागच्या जागी ठेवते आणि दोष मात्र त्याच्या कुवतीला लागतो. वर्गात सोपे उदाहरण द्यावे की तेच उदाहरण सावकाश सोडवून घ्यावे, हा शिक्षकापुढील प्रश्नही याहून वेगळा नाही.